पडद्यावरचा मार

त्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाईला नावानं कुणी हाक मारत नसे. पेशंट यायचे ते "फोटो काढायचाय" म्हणत यायचे, म्हणून ती फोटोबाई. सव्वीस वर्षं ती लोकांना श्वास रोखा आणि श्वास सोडा असं सांगत आली होती. जिन्यावरून गडगडलेले, यंत्रात बोट गेलेले, दारू पिऊन भिंतीला धडकलेले, भावाभावांत डोकी फोडून घेतलेले, सगळे तिच्या टेबलावर येऊन आडवे पडायचे. पडलो, घसरलो, लागलं असं माणूस काहीही सांगतो, पण हाडाला खोटं बोलता येत नाही, हे ती प्रत्येक नव्या डॉक्टरला एकदा तरी ऐकवायची.

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तिला कोरियन मालिकांचं वेड लागलं. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, महिनाभर पडून राहावं लागलं, आणि तिच्या धाकट्या बहिणीनं वेळ जावा म्हणून एक मालिका लावून दिली. सोळा भाग होते. फोटोबाईनं ते पाच दिवसांत संपवले आणि सहाव्या दिवशी बहिणीला फोन करून विचारलं की असं अजून काय आहे. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती धाकटीच्या घरी जाऊ लागली. धाकटीचा टीव्ही मोठा होता, सोफा मऊ होता, आणि धाकटीचा नवरा चहा उत्तम करायचा.

तो गाडी चालवायला शिकवायचा. गावभर त्याला मास्तर म्हणत. शिकाऊ माणसं त्याचे आरसे फोडायची, गाडी नाल्यात घालायची, आणि तो "होतं असं" म्हणून खाली उतरायचा. आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. मालिकेत आई मेली, की तो सोफ्याच्या टोकाला बसून मुकाट्यानं डोळे पुसायचा. असा रडणारा पुरुष फोटोबाईनं उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. धाकटीनं नशीब काढलं, असं ती चारचौघांत म्हणायची.

मालिका बघताना मात्र फोटोबाईचं तोंड थांबत नसे. कोरियन नटांची कातडी, त्यांचे कोट, शेवया ओढून खाण्याची ढब, ऐन मोक्याच्या वेळी कुठूनसा येऊन माणूस उडवणारा ट्रक, प्रत्येकावर तिचं मत होतं. सगळ्यांत जास्त ती मारामाऱ्यांवर बोलायची. रिकामं गोदाम, अकरा गुंड, एकटा नायक. त्याच्या डोक्यात लोखंडी सळई बसते आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून रक्ताची एक बारीक रेघ उतरते, जशी काही कुणी पेनानं ओढली. "अरे, कवटी फुटली त्याची," ती टीव्हीला सांगायची. "आता कानातून पाणी येईल. ही बरगडी गेली. ही पण गेली. आता हा पळतोय कसा?" धाकटी हसून लोटपोट व्हायची. मास्तरही हसायचा.

दोघी बहिणींनी नटांना टोपणनावं ठेवली होती, कारण खरी नावं जिभेवर बसत नव्हती. त्यातला एक होता भुवया. त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो खुनी होता. गळा दाबून झाला की रुमालानं एकेक बोट सावकाश पुसायचा. पुढच्या मालिकेत तोच नट खेड्यातला लाजाळू गुरांचा डॉक्टर होऊन आला, आणि फोटोबाईनं पहिले तीन भाग हा आता गायीचा गळा कधी दाबतोय याची वाट बघण्यात घालवले. एकाच तोंडात दोन माणसं कशी मावतात, हे तिला कळेना. तिनं धाकटीला विचारलं. धाकटी कौतुकानं तिला कोरियन भाषेतला ताईचा शब्द लावायची, ऑन्नी म्हणायची. ती म्हणाली, "ऑन्नी, त्याला कुणीतरी लिहून दिलेलं असतं. खुनी हो म्हटलं की तो खुनी होतो, पुरे म्हटलं की थांबतो."

नायक नायिकेचं मनगट धरून तिला भर रस्त्यातून ओढत नेतो, असा प्रसंग बहुतेक मालिकांत असतो. फोटोबाईला तो आवडायचा. एवढा जीव लावणारा कुणीतरी असावा, असं तिला वाटायचं. तिचं लग्न झालं नव्हतं. तो प्रसंग आला की धाकटी नेमकी कप उचलून स्वयंपाकघरात जायची. केसाएवढी चीर ओळखणाऱ्या बाईला हे कधी दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

मग एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला मास्तर धाकटीला घेऊन दवाखान्यात आला. तिचा डावा हात ओढणीत बांधलेला होता आणि चेहऱ्याला राखेचा रंग आला होता. फोटोबाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर उत्तर मास्तरनं दिलं. बाथरूममध्ये पाय घसरला, हात टेकला, आणि मोडला. त्यानं धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. फोटोबाईनं त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

फोटो पडद्यावर आला, तशी ती खुर्चीवर बसली. माणूस घसरला आणि हात टेकला, की मनगट मोडतं. हजारो पाहिली होती तिनं. हिचं मनगट शाबूत होतं. कोपर आणि मनगट यांच्या बरोबर मध्यावर करंगळीच्या बाजूचं एकच हाड आडवं तुटलं होतं. असं हाड एकाच कारणानं मोडतं: डोक्यावर काहीतरी येत असतं आणि माणूस आडवा हात वर धरतो. अनामिकेचं हाड मागे कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. फोटोबाईनं डॉक्टरांची चिठ्ठी नसताना छातीचाही फोटो काढला. डावीकडच्या दोन बरगड्यांवर हाड मोडून जुळल्याच्या जुन्या गाठी होत्या.

ती टेबलापाशी गेली आणि हळू आवाजात विचारलं, "कशानं मारलं?"

धाकटी छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "श्वास सोडू का आता?"

"सोड. कशानं मारलं?"

"जॅकच्या दांड्यानं."

फोटोबाईनं स्टूल ओढून टेबलाजवळ घेतलं. आणि मग धाकटी सांगत गेली, पडल्या पडल्या, दाराकडे एक डोळा ठेवून. काल मालिका चालू असताना फोटोबाई म्हणाली होती की भुवयानं केस वाढवल्यापासून तो काय देखणा दिसतो. धाकटी हो म्हणाली होती. तेवढंच. ऑन्नी जिना उतरली, मास्तरनं कप विसळून पालथे घातले, हात पुसले, आणि मग विचारलं की किती देखणा दिसतो. हे दर रविवारचं होतं. कुणाकडे किती वेळ बघितलंस, हसलीस का, कुठे थांबलीस. बरगड्या दोन वर्षांपूर्वीच्या. एका मालिकेतला लग्नाचा भाग बघितला, त्या रविवारच्या.

फोटोबाईला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली. मग टीव्ही का नाही बंद केलास, मला घरी का बोलावत राहिलीस, असं तिनं विचारलं.

"तू यायचीस म्हणून," धाकटी म्हणाली. "आठवड्यातले तीन तास तो चांगला असायचा. मला ते तीन तास हवे होते."

फोटोबाईनं तोंड धुतलं, दार उघडलं आणि मास्तरला नेहमीच्या आवाजात सांगितलं की प्लास्टर घालायचंय, आठ-दहा दिवस विश्रांती लागेल, तुम्ही दिवसभर गाडीवर, तेव्हा मी हिला माझ्याकडे नेते. मास्तरनं मान डोलावली. तुमचे उपकार कसे फेडू ताई, असं म्हणाला. तो बोलत असताना ती त्याच्या हातांकडे बघत होती. स्वच्छ, नखं कापलेले हात होते.

दोन दिवस तो फोन करत राहिला. पोलिसांत जाऊ म्हटलं की धाकटी कूस बदलून भिंतीकडे तोंड करायची, म्हणून फोटोबाईनं ते उद्यावर ढकललं. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी बारा वाजता, मास्तर दारात उभा राहिला. फोटोबाई दुपारच्या पाळीसाठी पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती. धाकटी पलंगावर बसली होती. दार उघडंच होतं, कारण उकडत होतं.

तो आत आला आणि गुडघ्यांवर बसला. मालिकेतले पुरुष बसतात तसा, पाठ ताठ, हात मांड्यांवर. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझं चुकलं म्हणाला. तुझ्याशिवाय घर खायला उठतं म्हणाला. फोटोबाई इस्त्री उभी करून बघत राहिली आणि तिला भीती वाटली ती त्याची नाही, धाकटीची. कारण धाकटी उठली होती आणि पायानं चप्पल शोधत होती.

"ती येणार नाही," फोटोबाई म्हणाली.

"ताई, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्येच आहे मी. तू ऊठ आणि चालता हो."

नऊ वर्षं ती त्याला अहोजाहो करत आली होती. तो "तू" ऐकला आणि मास्तरचं रडणं थांबलं, नळ बंद करावा तसं. तो उठला आणि धाकटीचा प्लास्टरमधला हात धरून ओढला. धाकटीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो फोटोबाईनं सव्वीस वर्षांत अनेकांच्या तोंडून ऐकला होता, पण आपल्या माणसाच्या तोंडून नाही. ती त्याच्या अंगावर गेली. त्यानं मागे वळूनही न बघता कोपर हाणलं. ते तिच्या तोंडावर बसलं. पुढचे दोन दात आत वळले आणि तोंड गरम पाण्यानं भरल्यासारखं रक्तानं भरलं. ती पडली. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली, मग पुन्हा तिथेच, घाई न करता. तिला श्वास घेता येईना. श्वास घ्या, श्वास रोखा, असं आयुष्यभर लोकांना सांगणारी बाई फरशीवर मासळीसारखी तोंड उघडझाप करत राहिली.

कुणी काही बोलत नव्हतं. पडद्यावर मारणारे किती बोलतात. इथे फक्त चपलांचं घासणं ऐकू येत होतं आणि फ्रिजची घरघर. मास्तरनं धाकटीला केसांनी धरून दाराकडे फरफटत नेलं. तिनं चौकटीला पाय लावला. त्याच्या मांडीला ती चावली. तेव्हा त्यानं तिला उताणं पाडलं, छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी तिचा गळा दाबला. धाकटीच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. जोरात, मग हळू, मग आणखी हळू.

फोटोबाई कशी उठली ते तिला आठवत नाही. इस्त्री हातात होती, वायर भिंतीतून उपटून आली होती. कुठे मारायचं हे मात्र तिला पक्कं आठवतं, कारण ते तिनं ठरवून केलं. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं हाड, हांसळी, बोटाएवढी जाड असते आणि वरून घाव बसला तर काटकीसारखी मोडते. ती मोडली की त्या बाजूचा हात कामातून जातो. तिनं दोन्ही हातांनी इस्त्री उचलली आणि टोक खाली करून मास्तरच्या उजव्या हांसळीवर घातली.

हाड मोडल्याचा आवाज तिनं पहिल्यांदाच ऐकला. तिच्याकडे हाडं येत ती मोडून झाल्यावर. वाळलेली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून मोडावी, तसा तो आवाज होता. शर्ट जळल्याचा आणि कातडी भाजल्याचा वास आला. मास्तरचा हात गळ्यावरून आपोआप सुटला आणि तो एका अंगावर बसला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. धाकटी खोकत, घुसमटत भिंतीकडे सरकली.

खरं तर तिथे काम संपलं होतं. फोटोबाईला ते कळत होतं. तरी तिनं इस्त्री पुन्हा उचलली, या वेळी त्याच्या डोक्यावर. कानाच्या वरची कवटी किती पातळ असते तेही तिला ठाऊक होतं. एवढ्यात पाठीमागून धाकटी तिला बिलगली. प्लास्टरचा हात तिच्या छातीवर आदळला. "पुरे," धाकटी फुटक्या आवाजात म्हणाली. "पुरे, ताई." इस्त्री हातातून निसटली आणि फरशीचा तुकडा उडाला. खालच्या मजल्यावरचा शिंपी तोवर माणसं घेऊन जिना चढत होता.

तासाभरात तिघंही त्याच दवाखान्याच्या तातडीच्या कक्षात होते, मास्तर एका पलंगावर, दोघी बहिणी समोरच्या बाकावर. पोलीस ठाण्यातून एक बाई फौजदार आल्या होत्या. फोटोबाईचं तोंड कापसानं भरलेलं असल्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. मास्तर बोलला, नेहमीसारखं मऊ. ताईंचा दोष नाही म्हणाला. एकटी बाई, दिवसरात्र त्या परदेशी मालिका बघते, मारामाऱ्या, खून, सूड. डोक्यावर परिणाम झालाय. मी बायकोला न्यायला आलो, तर तापलेली इस्त्री घेऊन अंगावर आली. विचारा इथल्या कुणालाही.

आणि खरोखरच, फौजदारबाईंनी विचारलं तेव्हा दवाखान्यातल्या माणसांनी खाली मान घालून कबूल केलं की फोटोबाईला वेड आहे. दर सोमवारी सकाळी कुणाची कवटी कशी फुटली ते ती सगळ्यांना रंगवून सांगते. एक परिचारिका तर ओशाळं हसली. मग फौजदारबाई धाकटीकडे वळल्या. हात कसा मोडला?

धाकटीनं ओढणी गळ्याभोवती आवळून घेतली. "घसरले होते," ती म्हणाली.

फोटोबाईला लाथा लागल्या तेव्हा जेवढं दुखलं नव्हतं, तेवढं ते दुखलं. ती उठली, फौजदारबाईंची बाही धरली आणि त्यांना एक्स-रेच्या खोलीत घेऊन गेली. हाडांचे तरुण डॉक्टर मागोमाग आले. तिनं सोमवारचे फोटो पडद्यावर लावले आणि बोट ठेवत गेली: हात, अनामिका, एक बरगडी, दुसरी बरगडी. बोलले ते डॉक्टर. हे घसरून होत नाही, आणि हे एका दिवसाचंही नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या परत आल्या तेव्हा मास्तर रडत होता, अगदी रविवारच्यासारखा, आवाज न करता. वॉर्डातल्या दोन बायका त्याच्याकडे कणवेनं बघत होत्या. धाकटी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा रडायला लागला, की मला कळतं आता काय होणार," ती फौजदारबाईंना म्हणाली. तिनं स्वतःच ओढणी सोडली. गळ्यावर दहा बोटं उमटली होती, जांभळी, मोजून घ्यावीत अशी. "ताई नसती तर मी मेले असते. लिहून घ्या. सगळं सांगते."

ती दोन तास सांगत होती. मध्ये एकदा तिनं पाणी मागितलं.

पुढचं सगळं वेळ खाणारं आणि कंटाळवाणं होतं. मास्तरच्या बाजूनं बोलायला त्याच्याकडे गाडी शिकलेली माणसं आली, आणि त्यातलं एकही खोटं बोलत नव्हतं, त्यांच्याशी तो खरंच चांगला वागला होता. चिठ्ठीशिवाय छातीचा फोटो काढल्याबद्दल दवाखान्यानं फोटोबाईला लेखी ताकीद दिली. तिनं ती दुमडून पर्समध्ये ठेवली. दीड वर्षानं निकाल लागला आणि मास्तर तुरुंगात गेला. ओढाताणीत धाकटीचं हाड सरकलं होतं, म्हणून ऑपरेशन करून धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसवावे लागले. हात वाचला, पण पूर्ण वळत नाही. कुलपात किल्ली फिरवताना ती अख्खी वाकते.

व्यायाम म्हणून तिला रोज ओला टॉवेल पिळायला सांगितला होता. फोटोबाई एक टोक धरायची, धाकटी दुसरं. पुढच्या दोन दातांची कवळी बसवल्यापासून फोटोबाई जरा शीळ घातल्यासारखी बोलायची, आणि त्यावरून धाकटी तिची टिंगल करायची. अशाच एका सकाळी टॉवेल पिळता पिळता फोटोबाईनं सांगून टाकलं. महिनोन्‌महिने ते ती मनात ठेवून होती.

"तू धरलं नसतंस ना, तर मी त्याचं डोकं फोडलं असतं. रागानं नाही. ते हाड मोडलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पुन्हा ऐकावंसं वाटलं."

धाकटीनं टॉवेल पिळणं थांबवलं नाही. हात जेवढा वळत होता तेवढा वळवला, ओठ चावला, आणखी थोडा वळवला.

"माहितेय मला," ती म्हणाली. "तुझा चेहरा दिसला होता. म्हणून तर धरलं. त्याच्यासाठी नाही धरलं, तुझ्यासाठी."

त्या नटांना पुरे म्हणणारा कुणीतरी कॅमेऱ्यामागे बसलेला असतो, संध्याकाळी ते रंग पुसून घरी जातात आणि बायकापोरांशी बोलतात. तिला मात्र त्या एका मिनिटाचं स्वतःचं तोंड अजूनही कधीमधी आरशात दिसायचं, दात घासताना, कवळी हातात असताना. अशा आठवणी हळूहळू जातात, असं दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते. ती वाट बघत होती.

"ओढ," धाकटी म्हणाली. "ढिला सोडू नकोस. अजून वीस वेळा बाकी आहे."

फोटोबाईनं टोक घट्ट धरलं आणि ओढलं.